पुठ्ठ्याचं उभं-आडवं

वजनं उचलली आणि पुठ्ठ्यांनी पुन्हा कोपरे वर केले. बाइंडिंगच्या दुकानाची मालकीण, जिला आख्खी गल्ली वहिनी म्हणे, कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. शाळेची साठ हजेरीची रजिस्टरं सोमवारी द्यायची होती. आज बुधवार. पुठ्ठे लागून तयार झालेली पाच टेबलावर होती आणि बोट लावलं की पाचही डुलत होती.

तिनं खळ पातळ करून पाहिली, घट्ट करून पाहिली, कापड बदललं, वजनं दुप्पट केली. पुठ्ठे काही वठणीवर येईनात.

खरं तर पुठ्ठे कापणं हे तिचं कामच नव्हतं. ती पानं शिवायची, पुठ्ठे नवरा कापायचा, आणि वीस वर्षांत दोघांनी एकमेकांच्या कामात कधी नाक खुपसलं नव्हतं. मग नवरा गेला. त्यानं कापून ठेवलेले पुठ्ठे वर्षभर पुरले आणि संपले. शाळेचं काम बिघडलं तर दुकान बंद करून किल्ली दिराच्या हातात ठेवीन, असं तिनं स्वतःच घरात सांगून टाकलं होतं. सांगताना सोपं वाटलं होतं. आता ते शब्द परत घेता येत नव्हते.

"समोर जा आणि विचार," नणंद म्हणाली. ती दुकानात हातभार लावायला येई, आणि हातापेक्षा तिचं तोंड जास्त चाले.

समोर म्हणजे खळकाका. सत्तरीचे बाइंडर, नखांत कायम वाळलेली खळ, म्हणून हे नाव. त्यांचं आणि तिच्या नवऱ्याचं बारा वर्षं बोलणं बंद होतं. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण अबोला मात्र दोघांनी इमानेइतबारे पाळला.

"त्यांना काय वाटेल गं?"

"दादाला? दादाला आता काही वाटत नाही, वहिनी. जे काय वाटतंय ते तुलाच."

हे झोंबलं, कारण खरं होतं. तिनं एक वाकडं रजिस्टर आणि एक कोरा पुठ्ठा पिशवीत घातला आणि निघाली. रस्ता दहा पावलांचा, पण तिला अर्धा तास लागला, कारण ती दोनदा अर्ध्यातून परत फिरली.

"काका, माझे पुठ्ठे वाकतात. का ते मला कळत नाही. सांगाल?"

काकांनी ना 'ये' म्हटलं, ना 'बस'. रजिस्टर उलटसुलट केलं, पिशवीतून आणलेला कोरा पुठ्ठा आधी उभा दाबून पाहिला, मग आडवा, आणि मिशीत हसले.

"एका तावातून किती काढलेस?"

"दहा. हे आठच काढायचे," ती जरा ऐटीत म्हणाली.

"आठच निघतात. दोन जास्त काढायला तू सगळे आडवे कापलेस. पुठ्ठ्यालाही कापडासारखं उभं-आडवं असतं, बाळ. ज्या रेषेवर तो सहज वाकतो, ती रेष शिवणीला समांतर हवी. नाहीतर खळ लागली की तो अंग वळवणारच."

त्यांनी तिला डोळे मिटायला लावले आणि कोणत्या बाजूनं वाकतो ते ओळखायला एकेक तुकडा हातात दिला. पहिला चुकला. पुढचे चार तिनं बोटांनीच ओळखले. पाचव्याला तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. खळ चांगली होती, कापड चांगलं होतं, ती अगदीच बावळट नव्हती. किल्ली कुणाला द्यायची गरज नव्हती.

काकांनी तिचं रडणं संपेपर्यंत उगाच कात्रीला धार लावली. मग घसा खाकरून म्हणाले, "आता माझं ऐक. माझ्या जाड रजिस्टरांच्या पानांच्या घड्या मधूनच सुटतात. तुमचं एक विकत आणून उसवून पाहिलं होतं मी. काही उलगडलं नाही. तुझ्या नवऱ्याला विचारायला जीभ रेटली नाही माझी. तो तुला काही सांगून गेलाय का?"

"त्यांनाही येत नव्हतं, काका. शिवण माझी आहे."

 काकांनी स्वतःचं स्टूल पुसून तिच्याकडे सरकवलं आणि ते सुई शोधू लागले.

शनिवारी सकाळी नवे पुठ्ठे वजनाखालून निघाले ते सपाट. वहिनीनं पहिलं रजिस्टर उचललं आणि या वेळी कुठेही न थांबता रस्ता ओलांडला. काकांनी ते टेबलाच्या काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांवर बोट दाबलं. एकही हलला नाही.

"जमलं," ते म्हणाले.

ती मात्र दारातच घुटमळली. "काका, पाठीवर सोनेरी अक्षरं कशी उठवतात? तेही मला येत नाही."

"सोमवारी शाळेचं काम पोचवून ये, दाखवतो. आणि येताना तुझी जाड सुई आण," काका म्हणाले. "माझी तिसरी घडी अजून सुटतेय."