नत्थूजींच्या वाटणीचं बोलणं

पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत नत्थूजी बोली पुकारायचे तेव्हा रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही भाव कळायचा. तो गळा लकव्याने बसवला. उजवा हात गेला, जीभ लुळी पडली आणि सौंसरच्या त्यांच्या घरात अशी शांतता झाली की जयवंताबाईंना ती सोसेना. मग त्यांनी नवऱ्याच्या वाटणीचंही बोलायला सुरुवात केली.

"चहा घेता काय? घेतो न! साखर जास्त टाक."

प्रश्न त्यांचा, उत्तर नत्थूजींचं, तेही घोगऱ्या आवाजात. मुंबईहून मुलाचा, अंकुरचा, फोन आला की सांगायच्या, "बाबा म्हणून राहिले, जेवण टायमावर करत जा." नत्थूजी नुसते बघत राहायचे, आणि त्या बघण्याचा अर्थ बाई लावायच्या. उभा जन्म सोबत काढलेल्या माणसाच्या मनातलं बायकोला नाही कळणार, तर काय शेजारणीला कळणार?

अंकुर टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात होता. आजवर वेटर झाला, दारातला शिपाई झाला. तोंड उघडायच्या आत प्रवेश संपायचा. या शनिवारी मात्र त्याने स्वतः लिहिलेलं स्किट लागणार होतं, आणि पाहुणा सूत्रसंचालक म्हणून आलेला सिनेमातला मोठा नट त्यात काम करणार होता. बाईंनी शेजारच्या इंदूला आणि तिच्या सुनेला, उर्वशीला, बोलावून घेतलं. नत्थूजींना इस्त्रीचा सदरा चढवला. "मले कायले सजवून राहिली व?" असं त्यांच्या वतीने म्हणून स्वतःच हसल्या.

स्किट सुरू झालं. अंकुर लुगडं नेसून आला. पाहुणा नट खुर्चीत, वाकडा हात पोटाशी धरून बसलेला.

"चहा घेता काय?" अंकुरने विचारलं आणि लगेच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घेतो न!"

"अवो माय, हे त तूच!" इंदूने मांडीवर थाप मारली.

बाईही हसल्या. पोराने पदरसुद्धा त्यांच्यासारखाच खोचला होता. हसता हसता कुठेतरी टोचलंही, पण आपलं लेकरू एवढ्या मोठ्या नटासमोर उभं होतं, तो अभिमान काय थोडा होता? पडद्यावरची बाई बोलतच राहिली. नवऱ्याच्या वतीने जेवली, रुसली, तिने पाहुण्यांना वाटेला लावलं. शेवटी ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा नटाने हळूच मान वर केली.

"अवो, एकदा मले इचारून त पाह्य!"

स्टुडिओ हशाने दणाणला. इंदू डोळे पुसत होती. 'पाहा तुमचा पोरगा!' असं म्हणायला बाई नवऱ्याकडे वळल्या, आणि त्यांचं हसू तोंडातच राहिलं. नत्थूजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांचे डोळे बाईंकडे नव्हते, त्या नटाकडे होते. ते हसत होते की रडत होते, बाईंना कळेना. त्यांना भीती वाटली.

फोन वाजला. "आई, पाह्यलं? बाबा काय म्हणाले?"

घोगरा आवाज गळ्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. बाईंनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला. "बाबा, आवडलं काय?" अंकुर विचारत राहिला. नत्थूजींच्या तोंडून नुसता घरघर आवाज आला.

"आई, सांग न, काय म्हणून राहिले?"

"मले नाही मालूम, बाप्पा," बाई म्हणाल्या.

इंदू आणि उर्वशी घरी गेल्या. बाईंनी सवयीने गोड चहा केला आणि कप घेऊन नवऱ्यासमोर बसल्या.

"चहा घेता काय?"

उत्तर जिभेवरच होतं. त्यांनी ओठ दाताखाली दाबून धरले आणि वाट पाहिली. वाफ विरली, चहावर साय धरली. मग नत्थूजींची मान हलली. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

नाही.