दाराखालचा गंज

मित्रांनो, मी एका जुन्या स्पोर्ट्स कारचा सांगाडा आहे. मला इंजिन नाही, चाके नाहीत, दारेही नाहीत. उरला आहे तो नुसता पत्रा. त्यातही माझी उजवी बाजू कापून उघडी ठेवलेली आहे. लोक वाकून आत बघतात, तेव्हा मला अजूनही मान खाली घालावीशी वाटते. पण मला मानही नाही. म्हणून निदान सगळे खरे सांगून टाकतो.

माझा जन्म १९६९ साली इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. दोघांपुरती, बुटकी, हिरवी आणि छप्पर नसलेली अशी आमची जात. इतर गाड्यांना छताचा आधार असतो, आम्हाला तो नसतो. आमचा सगळा भार दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोलादी पत्र्याच्या दोन पोकळ पेट्यांवर असतो. माणसाला पाठीचा कणा, तशा त्या आम्हाला. आणि पावसाचे पाणी नेमके तिथेच साठते.

यॉर्कशरमधल्या विल्फ ओल्ड्रॉइडने मला घेतले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. विल्फ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचा हात असा की ब्रशने ओढलेली रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी दिसे. रविवारी तो मला धुऊन पुसून मेण लावी. तो मऊ फडके हळूहळू फिरवत असताना त्याची बायको बेरिल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणे, "माझ्या केसांवरून कधी असा हात फिरवला नाहीस!"

"तुझे केस गंजत नाहीत," विल्फ म्हणे.

त्यांची एकुलती एक मुलगी हेस्टर. शाळेतून आली की ती माझ्या सीटवर बसून स्टिअरिंग फिरवायची आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची. मला ती फार आवडायची.

आमच्या गावाजवळ जुन्या गाड्यांचा एक क्लब होता. दर जूनमध्ये एका पबच्या अंगणात गाड्या रांगेने उभ्या राहत आणि सगळ्यांत उत्तम राखलेल्या गाडीला ढाल मिळे. आम्ही ती लागोपाठ दोन वर्षे जिंकली. लोक माझ्याभोवती फिरत आणि "विल्फ, रंग आहे की आरसा?" म्हणत. मी फुलून जात असे. मित्रांनो, कौतुकाची चटक लागली की आपण आतून कसे आहोत, हे बघायचे राहूनच जाते.

१९८६ सालची गोष्ट. स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. विल्फ माझ्याखाली पडून काहीतरी घासत होता. त्याने उजव्या दाराखालच्या पेटीवर सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचा भुगा त्याच्या तोंडावर पडला. पेटी पूर्ण कापून नवी जोडायला हवी होती आणि त्याला महिना तरी लागला असता. मग तो उठला. त्याने रद्दीतली वर्तमानपत्रे ओली करून त्या पोकळीत कोंबली, वर पुट्टी थापली, पातळ पत्र्याची पट्टी चिकटवली आणि सुंदर हिरवा रंग दिला.

"हिवाळ्यात नीट करू," तो पुटपुटला.

तिसरी ढालही आम्हालाच मिळाली. परीक्षकाने नेमका त्याच जागेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "अगदी कारखान्यातून आल्यासारखी!" आणि मी? मला सगळे ठाऊक होते, तरी मी त्या दिवशी फुललोच. माझ्या लाजेची सुरुवात तिथे झाली.

तो हिवाळा आला आणि गेला. मग दुसरा, तिसरा. विल्फने त्या जागेला हात लावला नाही. वार्षिक तपासणी करणारा माणूस वरवर ठोकून बघे आणि म्हणे, "ओल्ड्रॉइडची गाडी ना? मग काय बघायचं!" पुट्टीमागचा कागद ओला होत राहिला आणि गंज पसरत राहिला.

१९९२च्या ऑक्टोबरात हेस्टर चोवीस वर्षांची होती. ती टपाल वाटायची. पाठीला थैली लावून चढावरच्या गल्ल्या पायी पालथ्या घालायची. एका सुट्टीच्या दुपारी तिने मला फिरायला नेले. परत येताना माळावर वळणाशी मेंढी आडवी आली. हेस्टरने तिला चुकवले आणि माझी उजवी बाजू फाटकाच्या दगडी खांबावर आदळली. वेग फार नव्हता. कणा धड असता तर मी तो मार सोसला असता. पण ती पेटी ओल्या पुठ्ठ्यासारखी मिटली. दाराची चौकट आत दबली आणि हेस्टरचा उजवा पाय तिच्यात सापडला. तिची किंकाळी अजून माझ्या पत्र्यात आहे.

इस्पितळात तिच्या पायात दोन सळ्या घातल्या. तीन महिन्यांनी ती कुबडी घेऊन घरी आली ती थेट गॅरेजमध्ये. माझ्या चेपलेल्या बाजूला हात लावताच तिचे डोळे भरून आले.

"बाबा, तुझी एवढी जपलेली गाडी. मी मोडली. माफ कर."

"गाडीचं काय घेऊन बसलीस, पोरी," विल्फ म्हणाला. तेवढेच म्हणाला.

त्याच सुमारास माझ्या जातीचे नवेकोरे सांगाडे पुन्हा बनू लागले होते. विल्फने त्याची जाहिरात कापून आणली. "नवा सांगाडा आणू. इंजिन, चाकं, सीट, सगळं त्यात बसवू. हा जाऊ दे भंगारात. लवकर गेला तर बरं, जागा होईल."

"अजिबात नाही," हेस्टर म्हणाली. "मी मोडलीय, मीच दुरुस्त करणार. इथेच, घरी."

बेरिल हसली. "बघ, विल्फ. तुझाच हट्टीपणा घेतलाय."

तिला काय ठाऊक, विल्फला मी डोळ्यांसमोर का नको होतो! आणि मित्रांनो, मला जगायचे होते. त्यामुळे हेस्टरच्या बोलण्याने मी सुखावलो. ही माझी दुसरी लाज.

हेस्टर तंत्रशाळेत वेल्डिंग शिकली. मार्चमध्ये तिने ग्राइंडर चालवून माझी उजवी पेटी कापली. पत्रा निघाला आणि काळ्या, कुजलेल्या कागदाचा लगदा तिच्या बुटांवर पडला. त्यावर एक अक्षर वाचता येत नव्हते.

"आई, बाबा, हे बघा! कुणीतरी आत रद्दी भरलीय! कोण हा नालायक?"

बेरिल चहाचे कप घेऊन आली होती. "आधीचा मालक असणार. भेटू दे मला एकदा. ही किटली घालते त्याच्या डोक्यात!"

दोघी विल्फकडे बघत होत्या.

"असेल," विल्फ म्हणाला.

त्या एका शब्दाने तो सुटला असता. कागदावर तारीख नव्हती आणि मला तोंड नव्हते.

त्यानंतर तो रोज गॅरेजमध्ये येई, पण माझ्या उजव्या बाजूला फिरकत नसे. हेस्टर मात्र चिकाटीने काम करत होती. तिने एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप लावला आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्येही तसेच माप घेतले. दोन्ही मापे सारखी यायला हवी होती, पण त्यांत बोटभर फरक निघाला. मी पिळला गेलो होतो.

"जमेल," ती म्हणाली. "वेळ खूप आहे मला. परवा साहेबांनी बोलावलं होतं. पायी फिरता येत नाही तर टपालाची व्हॅन घे म्हणाले. मी नाही म्हटलं."

"का?" विल्फने विचारले.

"मला भीती वाटते, बाबा. एक मेंढी आली आणि मी अशी गाडी घातली. उद्या एखादं मूल आडवं आलं तर? माझ्या हातात स्टिअरिंग द्यायलाच नको. मी कचेरीत बसून पत्रं निवडेन."

विल्फने हातातला पाना खाली ठेवला. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, जणू ते माझ्याशीच बोलायचे होते.

"हेस्टर, तो कागद मी भरला होता."

तिला आधी कळलेच नाही. "कुठला कागद?"

"शहाऐंशी साली. स्पर्धा जवळ आली होती. आतून सगळं गंजलंय हे मला माहीत होतं. ढालीसाठी मी ते झाकलं. तुझं चालवणं चुकलं नाही, पोरी. गाडीच कुचकामी होती."

"मी इथेच उभी राहून तुझी माफी मागत होते. तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"आणि त्या दिवशी? आई किटली घालते म्हणाली तेव्हा?"

"तेव्हाही."

हेस्टरने हातमोजे काढून बाकावर ठेवले आणि लंगडत निघून गेली. ती गावातच भाड्याच्या खोलीत राहायला गेली. बेरिलने विल्फशी बोलणे टाकले. चहाच्या वेळी ती दारातून एवढेच म्हणे, "किटलीत उरलाय. हवा तर घे."

तीन आठवड्यांनी गल्लीत टपालाची लाल व्हॅन थांबली. चालवत होती हेस्टर.

"माझा राग गेलेला नाही," ती गॅरेजच्या दारातूनच म्हणाली. "हे आधी सांगते."

"जाऊही नये," विल्फ म्हणाला. "मी ही गाडी इंच न् इंच नीट करीन. पाच वर्षं लागली तरी चालतील. माझ्या हातांनी."

"ते तुझं मन हलकं व्हावं म्हणून. मला त्याचं काय? ही पिळलीय, कितीही जोडलीस तरी मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. नवा सांगाडा आण. तू जोड आणि मी बघेन. एकेक बोल्ट मला दाखवून आवळायचा."

मला भंगाराची भीती होती, तरी तिचेच बरोबर होते. वसंतात नवा सांगाडा आला. माझे इंजिन, माझी चाके, माझी सीट एकेक करून त्याच्याकडे गेली. प्रत्येक बोल्ट आवळला की विल्फ बाजूला सरके आणि हेस्टर स्वतः पाना लावून बघे. पहिला महिनाभर दोघे कामापुरते बोलत. पुढे एकदा तिने त्याला विचारले, "थकलास का?" त्या दिवशी बेरिलने तिघांसाठी चहा आणला.

मी भंगारात गेलो नाही. जूनमध्ये विल्फने मला ट्रॉलीवर घालून स्पर्धेच्या अंगणात नेले आणि रांगेच्या टोकाला ठेवले. उजवी पेटी उघडी होती आणि थोडा कागद अजून आत चिकटलेला होता. तिसरी ढाल त्याने परीक्षकांच्या टेबलावर परत ठेवली. लोक जमले. कुणीतरी हसून म्हणाले, "विल्फ, पाट्या रंगवणारा माणूस तू. याला एखादी पाटी तरी लावायचीस!"

"पाटी कशाला? मी आहे ना," विल्फ म्हणाला आणि त्याने केलेले सगळे पहिल्यापासून सांगितले. हसू थांबले. काही जण मान फिरवून निघून गेले. त्या दिवशी त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. पण तो जागचा हलला नाही. थोड्या वेळाने एक म्हातारा त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझ्याही गाडीच्या दाराखाली बघशील का जरा?" विल्फ गुडघे टेकून त्याच्या गाडीखाली शिरला.

आता मी क्लबच्या शेडमध्ये असतो. नवीन माणूस आला की आधी त्याला माझ्यापाशी आणतात. हेस्टर टपालाची व्हॅन चालवते, नव्या सांगाड्यावरची हिरवी गाडीही चालवते. थंडीत तिचा पाय दुखतो आणि ती अजून लंगडते. माझ्या जागी दुसरा सांगाडा आला, पण तिच्या पायाला ती सोय नव्हती.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. तुमच्या गाडीला, सायकलीला, घराला वरून चकाकी देण्याआधी एकदा आतून ठोकून बघा. चूक झाली असेल तर रंग ओला असतानाच सांगा. आणि तुमची चूक दुसरा कोणी आपली समजून उराशी बाळगत असेल, तर एक दिवसही थांबू नका. मी सहा वर्षे गप्प राहिलो, कारण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.