गुडघ्याखालची तीन बोटं

डॉक्टरीणबाईंनी यमुनाबाईंच्या उजव्या गुडघ्याखाली हात घातला. तीन बोटं सहज आत गेली.

"माताजी, पैर पूरा सीधा कीजिए."

"सीधाच तो है," यमुनाबाई म्हणाल्या.

"नहीं है. देखिए, मेरी तीन उँगलियाँ समा रही हैं."

यमुनाबाईंनी मान उचलून पाहिलं. डावा पाय बाकावर सपाट टेकला होता, उजवा मधेच उंच राहिला होता. गुडघा दुखतो हे त्यांना दोन वर्षं ठाऊक होतं. एरंडाची पानं बांधून झाली होती, मऊरानीपूरच्या वैद्याचं तेल चोळून झालं होतं. पण पाय सरळ होत नाही, हे आज पहिल्यांदा कळलं.

बकुळला पाचवा लागला होता. एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला झाशीला येणार होती. आणि बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे पाटावर बसून, पाय लांब सोडून, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत त्याला निजवायचं. पाय वाकडा असला तर बाळ कलंडणार.

रेल्वे कॉलनीतल्या मराठी घरांतली कितीतरी बाळं यमुनाबाईंच्याच पायांवर न्हायली होती. कोणाकडे पाळणा हलला की दुसऱ्या दिवशी बोलावणं यायचं. अठ्ठावीस वर्षं लोकांची बाळं न्हाऊ घातली. आता स्वतःचं नातवंड यायचं, तर पाय अडून बसला.

"घुटने की गद्दी घिस गई है, वो वापस नहीं आएगी," डॉक्टरीणबाई हिंदीत मराठी मिसळत समजावून सांगत होत्या. "पण मांडी कमजोर पडली की सगळा भार गुडघ्यावर येतो. मांडी मजबूत करा." त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवली. "इसको नीचे दबाइए. दहा आकडे मोजा, सोडा. वीस वेळा, दिवसातून तीनदा. रस्ता सपाट असेल तिथे रोज चाला. और उकड़ूँ बैठना बिलकुल बंद."

"उकिडवं न बसून कसं चालेल?" यमुनाबाईंनी मराठीतच विचारलं. स्टोव्ह जमिनीवर, धुणं जमिनीवर, केर, भाजी, भांडी सगळं जमिनीवर.

डॉक्टरीणबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या यमुनाबाईंच्या नवऱ्याकडे पाहिलं. गोपाळराव वॅगन कारखान्यात सुतार होते. "मिस्तरीजी, आप घर को थोड़ा ऊँचा कर दीजिए."

गोपाळरावांनी ते हुकमासारखं घेतलं. बाजारातून खोक्यांच्या फळ्या आणल्या आणि दोन रविवारांत स्टोव्हसाठी कमरेइतकं टेबल उभं केलं. उभ्याने पोळ्या लाटताना यमुनाबाईंना पहिले चार दिवस पाहुण्याच्या घरात असल्यासारखं वाटलं. मग नहाणीत बसायला स्टूल आलं. तिसरी वस्तू गोपाळरावांनी पोत्यात गुंडाळून आणली. तेही स्टूलच, पण मधे गोल कापलेलं.

"हे संडासात ठेवायचं," ते खाली बघून म्हणाले.

"शी! लोक काय म्हणतील?"

"लोक आत येणार आहेत का?"

यमुनाबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की गुडघा विसरल्या.

संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर गोपाळराव खाटेशेजारी बसून आकडे मोजत. रविवारी गुडघ्याखाली बोटं घालून बघत.

"अडीच."

"तुमची बोटं जाड आहेत. डॉक्टरीणबाईंची आणा."

दिवाळीपर्यंत दोन बोटं राहिली. रात्रीची कळ थांबली. एके दिवशी यमुनाबाई एकट्याच इलाइट चौराह्यापर्यंत चालत गेल्या, झबल्यांसाठी मलमल घेऊन चालतच परत आल्या. संक्रांतीच्या सुमाराला बकुळ बाळंत झाली. मुलगी झाली. तोवर गुडघ्याखाली एकच बोट उरलं होतं.

बकुळ इस्पितळातून घरी यायच्या आदल्या दिवशी गोपाळराव दुपारी जेवायला आले, तर नहाणीचं दार अर्धं उघडं. आत यमुनाबाई पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. पायांवर एक दुधी भोपळा होता, तेल लावलेला. त्यांनी वरून तांब्याभर पाणी ओतलं. भोपळा उजवीकडे सरकला आणि फरशीवर पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पाणी ओतलं. तो पुन्हा पडला.

"खाली फडक्याची घडी घालून बघू?" गोपाळरावांनी हळूच विचारलं.

"घालून बघितली." त्यांनी भोपळा बाजूला ठेवला. "मला उठवा. आणि जाता जाता शेजारच्या जानकीला सांगा, उद्या ये म्हणावं."

जानकी आली, पण पाटावर बसेना. "काकू, माझ्या दोघांना तुम्हीच तर न्हाऊ घातलंत. मला कुठे येतं?"

"दोघांच्या वेळी समोर उभी होतीस ना? बस. पाय जुळव. हं."

"आई, फिसल जाएगी ना!" दारातून बकुळ घाबरून म्हणाली.

"नाही घसरत गं. मी आहे."

यमुनाबाई स्टुलावर बसल्या. कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि तांब्या हातात घेतला. "मान धर. पालथी कर आता. पाठीवरून खाली चोळ, भिऊ नको." पाणी पडताच पोर किंचाळली, मग तिसऱ्या तांब्याला गप्प झाली. यमुनाबाईंचा डावा हात आपोआप पुढे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला, गुडघ्यावर ठेवला.

"छान धरलंस जानकी," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा हलका हात आहे तुझा."

पंच्यात गुंडाळलेलं बाळ त्यांच्या मांडीवर आलं. त्यांनी धुरी दिली, टाळूवर तेलाचं बोट टेकवलं. बाळ जांभई देऊन झोपलं.

इतक्यात गोपाळराव जेवायला आले. यमुनाबाई सवयीने उठू लागल्या. गोपाळरावांनी हातानेच 'बस' अशी खूण केली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि ताट कुठे असतं हे त्यांना शोधावं लागलं. पण भांडी वाजून बाळ जागं होईल म्हणून त्यांनी ताट काढलंच नाही. दोन पोळ्या हातावर घेतल्या, वर भाजी घातली, आणि उभ्याउभ्या, आवाज न करता, आजी आणि नातीकडे बघत जेवू लागले.