सांता लुसिया काचेपलीकडे थांबली

"आई, तो अंबाडा सोड! की मीच कात्री आणू?"

"हात लावून तर बघ! डोळे गेलेत माझे, हात नाही!"

मित्रांनो, हे भांडण माझ्या तोंडाशीच चाललं होतं. मी एक जुना एमआरआय स्कॅनर आहे. म्हणजे भलामोठा चुंबक आणि मधे माणूस झोपेल एवढं भोक. डोकं न उघडता मी आतल्या मेंदूची चित्रं काढतो. दुसऱ्यांनी वापरून टाकलेला मी, बोटीतून आसुन्सियोन शहरातल्या इस्पितळात आलो. उतरवतानाच एक जण म्हणाला, "भंगार आणलंय!" असा राग आला ना! पण डॉक्टर सुनिल्दाबाई म्हणाल्या, "चालेल. म्हाताऱ्या माणसांची नजर गेली की मेंदू काय करतो, ते याच्यावर शोधू." तेव्हाच ठरवलं, दाखवतोच भंगार काय करतं ते.

भांडणाऱ्या आजी म्हणजे इताउग्वा गावच्या एदुविखिस. जन्मभर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक लेस विणलेली बाई. आता समोरचं सगळं पुसलं गेलेलं. वर्षभर त्यांना भिंतीवर टोपीवाली बुटकी माणसं दिसायची, फुलं दिसायची. शेजारी म्हणाले, घरात भूत शिरलंय. मुलगी निमिया म्हणाली, वेड लागलंय. तिने आईच्या सुया काढून घेतल्या. सोमवारी वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं ठरलंसुद्धा. सुनिल्दाबाईंनी विनवलं, "त्याआधी एकदा मेंदू बघू द्या."

अंगावर धातू नाही, असं आजींनी शपथेवर सांगितलं होतं. पण चित्रात डोक्याच्या मागे हे एवढं काळं भोक! आणि डोळ्यांनी पाहिलेलं मेंदू ओळखतो, तेही नेमकं तिथेच. धातू असला की माझं चित्र असंच बिघडतं, मला तर आधीच कळलं होतं. आत घेताना अंबाडा मी जरा ओढलाच होता. आजींना वाटलं, नवसाची संतीण बोलावतेय.

मला चालवणारा रुफिनो वैतागला. "आजी, अंबाड्यात काय लपवलंय?"

"सांता लुसिया. डोळ्यांची संतीण. नजर येईपर्यंत डोक्यावरून उतरवायची नाही, असा नवस आहे."

छोटासा बिल्ला, पण लावला होता पोलादी पिनेनं!

"तिच्यामुळेच चित्रात काही दिसत नाहीये!" निमिया ओरडली.

रुफिनोने डोकं खाजवलं. "आजी, नवस डोक्याचा ना? मग कुणाच्या डोक्याचा, ते बोलला होतात का?"

आजी म्हणाल्या, "घरातलं डोकं चालेल. निमिया, बस खाली."

निमिया बसली. आजींनी चाचपडत तिच्या केसांत पिन खोवली. "हलू नकोस गं. लहानपणीही अशीच वळवळायचीस."

निमिया संतिणीला घेऊन काचेपलीकडे गेली. आजी माझ्या आत. हातात एक बटण, टोपीवाले आले की दाबायचं. मी पाऊण तास ठोकाठोक केली, बाई तसूभर हलली नाही. सात वेळा बटण दाबलं. सातही वेळा मेंदूची ती मागची जागा पेटली!

"बघ," सुनिल्दाबाई निमियाला म्हणाल्या, "डोळ्यांकडून काही येत नाही, म्हणून मेंदू स्वतःच चित्रं काढतोय. पुष्कळांना होतं. हे वेड नाही. भूत तर नाहीच नाही."

निमिया पुटपुटली, "सुया कपाटावर आहेत, आई. घरी गेल्यावर देते."

"दे. टोपीवाले गेले उडत. फुलं मात्र झकास आहेत, विणते बोटांनीच."

निमिया केसांतली पिन काढायला लागली.

"राहू दे," आजी म्हणाल्या. "तुलाही कमीच दिसतं."

तर मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस रिकाम्या भिंतीकडे बघून हसलं, तर ओरडू नका. काय दिसतंय ते आधी विचारा, डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि माझ्याजवळ येताना पिना खरंच बाहेर ठेवा.

इथे आता नवा स्कॅनर आलाय. पण मी भंगारात नाही जाणार, एन्कार्नासियोनच्या इस्पितळात जाणार. तिथेही म्हातारी माणसं वाट बघतायत. ट्रक दाराशी लागलाय, रुफिनो हाका मारतोय. मला आता निघायलाच हवं.