राहीच्या मापाचं

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा लीलाताई सुनेला म्हणाल्या, "वैदेही, यंदा तरी कंदील लावूया गो. गेल्या वर्षी घर काळोखातच ठेवलं. सलिलला एक सदरा आण, तुला काहीतरी घे."

वैदेही नाही म्हणाली नाही. संध्याकाळी ती बाजारात राम आळीत गेली आणि राही असताना दर दिवाळीला जायची त्याच कपड्यांच्या दुकानाची पायरी चढली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्ल्यावरच्या गंगारामकाकांनी तिला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. "बस गो बाय," म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. काउंटरवर छोटी परकर-पोलकी पसरलेली होती. काकांनी नजरेनेच खुणावलं, तशी विकणाऱ्या मुलीने ती भराभर गोळा करून खाली सरकवली.

"अहो, मी बघत होते ना," एक गिऱ्हाईक बाई म्हणाली. शेजारचीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग त्या बाईने हातातलं पोलकंही निमूट खाली ठेवलं.

कोणी वाईट वागलं नव्हतं. वैदेही काही न घेता रिक्षा करून घरी आली.

वैदेहीची लेक राही गेल्या वर्षीच्या श्रावणात गेली. सहा वर्षांची होती. साधा ताप म्हणता म्हणता पोर हातातून निसटली. तेव्हापासून भाजीवाली असो की औषधाच्या दुकानातला माणूस, वैदेहीला पाहिलं की सगळ्यांचे आवाज खाली येत.

"दुकानात जायचंच कशाला?" रात्री जेवताना सलिल म्हणाला. "फोनवर मागव. गर्दी नाही, ताटकळणं नाही. नाही आवडलं तर माणूस दारात येऊन परत घेऊन जातो." मग ताटातला भात चिवडत हळूच म्हणाला, "आणि कोणी काही विचारत नाही."

हे वैदेहीला केव्हाचंच ठाऊक होतं.

तेराव्यानंतर काही महिन्यांनी एकदा चादर घ्यायची म्हणून तिने फोन उघडला होता. राहीचा रेनकोट पूर्वी तिथूनच घेतलेला, म्हणून चादरींच्या आधी मुलींचे फ्रॉक समोर आले. फोनला काही कळलेलं नव्हतं. तिने तो तसाच खाली ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडली. पण दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा उघडला. सगळ्या रत्नागिरीने राहीला सहाव्या वर्षी थांबवलं होतं. इथे एक माप वरचं बघितलं तरी कोणाचा हात खांद्यावर येत नव्हता.

आताही तिने सलिलचा सदरा मागवला, सासूबाईंना साडी मागवली, आणि एक पोपटी परकर-पोलकं, सात ते आठ वर्षांचं.

पार्सल आलं त्या दिवशी सलिलला सुट्टी होती. आपला सदरा असेल म्हणून त्यानेच ते फोडलं. वैदेही स्वयंपाकघरातून आली तेव्हा पोपटी पोलकं त्याच्या मांडीवर होतं.

"चुकून आलंय," तो म्हणाला. "थांब, परत पाठवतो."

"चुकून नाही आलं."

ती आतल्या खोलीत गेली आणि दिवाणाची फळी उचलून उभी राहिली. आत नवा रेनकोट होता, दोन फ्रॉक, शाळेची पाण्याची बाटली, चंदेरी सँडल. काहीच वापरलेलं नव्हतं. पोलकं घेऊन मागोमाग आलेला सलिल बघतच राहिला. दारात पार्सलं येताना त्याने पाहिली होती. बायको हळूहळू संसारात लक्ष घालायला लागली, असं त्याने आईला सांगितलंही होतं.

त्याने सँडल हातात घेतली. "मोठी होईल ही," तो म्हणाला. "तिचं पाऊल बारीक होतं."

"वाढलं असतं की."

"हळूहळू परत करूया सगळं," सँडल खाली ठेवत तो म्हणाला.

"मुदत गेली त्यांची. फक्त पोलकं परत जाईल."

पण ते परत पाठवायला दोघांपैकी कोणीच फोन उचलला नाही.

"सलिल, स्टूल आण रे, कंदील बांधायचाय," बाहेरून आईची हाक आली. तो गेला. वैदेहीने पोलक्याची घडी घातली, ते बाकीच्या कपड्यांवर ठेवलं आणि फळी लावली. सलिलला हे कळल्यावर आपला भार थोडा उतरेल, असं तिला इतके दिवस वाटायचं. उतरला काहीच नव्हता. आता घरात दोघं जण राहीच्या वाढत्या मापाचा हिशोब करणार होते.

दिवाळीच्या पहाटे सलिलने आईच्या समाधानासाठी नवा सदरा घातला आणि तिला नमस्कार केला. मग तो आतल्या खोलीत जाऊन दिवाणावर बसला. थोड्या वेळाने वैदेहीही त्याच्या शेजारी येऊन बसली. लीलाताईंनी फराळाला हाका मारल्या. पुन्हा मारल्या. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.