दहा मिलिसेकंदांचा कौल

कोड तपासताना रुचिरा सहसा हसत नसे, पण एकशे बाराव्या ओळीपाशी तिला हसू फुटलंच. चुलतभावाने, सर्वेशने, तिथे टीप लिहिली होती: "इथला दहा मिलिसेकंदांचा थांबा काढला. कौल उजवा."

पूर्णगडच्या जेटीवरच्या भोंग्याचा हा ड्रायव्हर, म्हणजे तो वाजवणारा प्रोग्राम. भोंग्याच्या पेटीत नखाएवढी डॅक चिप. कॉम्प्युटरने आकडे द्यायचे, तिने त्यांचा आवाज करायचा. एकदा वाजला तर दुपारचे बारा. तीनदा वाजला तर वादळ, होड्या मागे फिरवा. जेटी सोडली की मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे समुद्रावरच्या माणसाला जगाच्या बातम्या या दोनच. रुचिराचे बाबा, गुणाजी, पहाटेच होडी घेऊन गेले होते.

तिने सर्वेशला फोन लावला.

"मेल्या, थांबा कशाला काढलास?"

"ताय, तो हवा की नको ते मॅन्युअलात धड लिहिलेलं नाय. मग गुरवाला सांगून, काढू का म्हणून देवाला कौल लावला. पटकन उजवा दिला."

"देवाला डॅक कळतो?"

"तुला तरी कुठे कळतो? सोमवारी तूच मंजूर केलंस ना!"

खरं होतं. सोमवारी घरी पाहुणे होते, नि तिने न वाचताच बटण दाबलं होतं. आज भलत्याच कामासाठी फाइल उघडली म्हणून ही ओळ दिसली.

हसू तिथेच आटलं. चिपला झोपेतून उठायला दहा मिलिसेकंद लागतात. त्याआधी पाठवलेला आवाज वाया जातो, नि ती तक्रारही करत नाही. ड्रायव्हर मात्र इमानेइतबारे नोंद करतो: वाजला.

"आई, चार दिवस आपण दीडला का जेवतोय?" तिने फोन ठेवून विचारलं.

"भोंगा झाला की मी भात लावते ना," कमळा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तो ऐकूच येत नाय. माझे कान गेले गो. शेजारच्या गंगुबाईचे पण गेलेत. काल दोघी डॉक्टरकडे जाऊन आलो. थेंब दिलेत."

रुचिराने पेटीच्या नोंदी उघडल्या. चार दिवस, रोज बारा वाजता: वाजला. शेवटची नोंद आजची, अकरा बेचाळीसची. वादळाचा इशारा. तीनदा. वाजला.

खिडकीबाहेर समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प होता. किल्ल्यामागचं आभाळ तव्याच्या बुडासारखं.

तिने थांबा परत घातला, मंजुरी स्वतःच दिली, कोड पेटीवर चढवला, इशारा पुन्हा सोडला. बाराला एक मिनिट होतं.

भोंगा असा वाजला की फडताळातली भांडी थरथरली.

"आले गो माझे कान!" कमळा ओरडली नि भात लावायला धावली.

रुचिराने मोजायला बोट दुमडलं. एक.

दुसरं बोट तसंच राहिलं. नोंदीत मात्र: वाजला. वाजला. वाजला.

तिने फाइल खाली ओढली. दर भोंग्यानंतर चिप पुन्हा झोपत होती, नि तिला पुन्हा उठवायची जागा निराळीच होती. दोनशे सहावी ओळ: "इथलाही काढला. त्याच कौलात विचारून घेतलं."

तिची बोटं कीबोर्डवर धावू लागली. दूर पाण्यावर बाबांच्या होडीच्या धुराची रेघ तुटली. इंजिन बंद झालं होतं. एवढ्या लांबून जेवणाचा डबा दिसत नव्हता, पण एक भोंगा झाला की बाबा काय करतात, ते तिला पक्कं ठाऊक होतं. आणि जेवण अर्धवट टाकून उठायची त्यांना सवय नव्हती.