पोटात दोन गोळ्या

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, मित्रांनो. घाबरू नका, असं मात्र मी म्हणणार नाही. थोडं घाबरलेलंच बरं.

जुनी म्हणजे किती, हा नाजूक प्रश्न आहे. मी जन्मालाच जुनी होऊन आले. जुन्या काळच्या बंदुकांची हौस असणाऱ्या मंडळींसाठी एका लोहाराने मला घडवलं आणि सुताराने दस्त्याला चहाचं पाणी चोळून माझं वय दोनशे वर्षांनी वाढवलं. पुढे मी खरोखरच म्हातारी झाले, तेव्हा कुणाला फरकही जाणवला नाही.

माझं काम साधं, पण सावकाशीचं. आधी नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची. मग कापडात बसवलेली शिशाची गोळी. ती गज नावाच्या लांब कांडीने तळापर्यंत ठासायची. शेवटी मागे, घोड्याखाली, तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी एका बारीक छिद्रातून आत जाते आणि पुढचं मी बघते.

माझे पहिले मालक घड्याळजी होते. परवाना काढून शिकारीला जायचे आणि बहुतेकदा रिकाम्या हाताने परतायचे. एकदा अर्धा दिवस दबा धरल्यावर रानडुक्कर अगदी समोर आलं. मालकांनी नेम धरला, श्वास रोखला, आणि मला खाली घेतलं. डुकराच्या मागे, झाडीत, कुणाच्यातरी झोपडीचं छप्पर दिसत होतं. सोबतचे लोक परतीच्या वाटेवर त्यांची टिंगल करत होते. मालक शीळ घालत चालले होते. डुकरालाही काही तक्रार नव्हती.

बार काढला की त्याच संध्याकाळी ते मला साबणाच्या गरम पाण्याने आतून धुवायचे, पुसून कोरडी करायचे, तेलाचा हात फिरवायचे. दारूची काजळी ओल धरते आणि लोखंड खाते. ती त्यांच्यासमोर टिकली नाही. त्यांनी गजावर एक खाचही पाडली होती. नळी रिकामी असली की गज बरोबर त्या खाचेपर्यंत आत जायचा. खाच वर राहिली, तर समजायचं, आत काहीतरी आहे. भरण्यापूर्वी ते दर वेळी गज घालून बघायचे. स्वतःच रिकामी केली असली तरीही. स्वतःवर एवढा अविश्वास असलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

ते गेले आणि मी त्यांच्या थोरल्या मुलीच्या घरी आले, म्हणजे थोरल्या जावयांच्या ताब्यात. हे विमा विकतात. माणसाचं काय काय होऊ शकतं, हे ते लोकांना तासन्‌तास समजावून सांगतात. स्वतःला समजावायला त्यांना वेळ मिळत नाही. त्यांनी मला बाहेरून पॉलिश केलं. जुना गज कळकट दिसतो म्हणून माळ्यावर गेला आणि चकचकीत पितळी गज आला. त्याच्यावर खाच नव्हती. आतून मला कुणी बघितलंच नाही. छिद्रात काजळी साठत गेली आणि पाहुणे म्हणत राहिले, "वा, काय ठेवलीय!"

एका रविवारी थोरले जावई मला घेऊन हौशी नेमबाजांच्या मंडळात गेले. गावाबाहेरची बंद पडलेली दगडाची खाण ही मंडळाची जागा. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं आणि वस्तादांनी हुकूम दिला की एकदम बार काढायचा. वस्ताद म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतीचे सर. त्या दिवशी थोरल्यांची बायको आली होती. तिच्या बहिणीचा नवरा, दातांचे डॉक्टर, तोही बघायला आला होता. साडू हजर म्हणून थोरल्यांचा आवाज एक पट्टी वर होता.

"साडूभाऊ, इथे उभे राहा. याला म्हणतात मर्दानी छंद."

"दाढ काढण्यापेक्षा आवाज कमी असेल ना?" डॉक्टर म्हणाले.

पहिला बार झकास उडाला. दस्त्याने धक्का दिला, थोरल्यांचा चष्मा नाकावरून घसरला, त्यांनी बोटाने वर सरकवला. दुसऱ्या हुकमाला मात्र टोपी नुसती टक्‌ वाजली. छिद्र तुंबलं होतं. शेजारच्या बंदुका एवढ्या दणक्यात उडाल्या, एवढा धूर झाला, की थोरल्यांनी मीही उडाले असं धरलं. खांदासुद्धा स्वतःच मागे नेला.

अशा वेळी तोंड समोरच धरून थांबायचं असतं. आत ठिणगी धुमसत असेल, तर बार उशिराही उडतो. त्यांनी मला उभी केली आणि माझ्या तोंडावर हात नेऊन दारू ओतायला सुरुवात केली.

दारूवर गोळी, गोळीवर पुन्हा दारू, पुन्हा गोळी. पितळी गज नेहमीपेक्षा चांगला चार बोटं वर राहिला. ते साडूला शिशाचे भाव सांगत होते. मी काय करणार? मला बोलायचा एकच प्रकार येतो, आणि तो त्या क्षणी नको होता. आतून गंजून पातळ झालेली नळी हा दुहेरी बार पेलणार नव्हती. ती फुटली असती डाव्या अंगाला. डाव्या अंगाला त्यांची बायको उभी होती.

टोपी बसली. घोडा मागे गेला.

"नेम!" वस्ताद ओरडले.

"थांबा!" बाई म्हणाली. "अहो, मघाशी तुमची उडालीच नाही."

"अगं, सगळ्यांसमोर काय हे?"

"तुमचा चष्मा घसरला नाही."

"काय?"

"दर वेळी घसरतो. तुम्ही दर वेळी बोट लावता. मघाशी लावलं नाही."

डॉक्टर हसले. तिथेच घात झाला. थोरल्यांनी मला खांद्याला आणखी घट्ट लावलं. "मला माहितेय मी काय भरलंय ते. तू मागे हो."

"माहितेय ना? मग मारा. मी इथून हलत नाही."

त्यांचं बोट चापावर होतं. बोटाला घाम होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे धोके मोजलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच एक धोका स्वतः मोजायचा होता, आणि तो हातभर अंतरावर, पदर खोचून उभा होता.

"खात्री आहे?" तिने विचारलं.

त्यांनी बोट चापावरून काढलं. मग हळूच म्हणाले, "नाही."

"साहेब, तोंड समोरच," वस्तादांचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, आता मागे या. साहेब, घोडा अंगठ्याने धरा. घट्ट. आता चाप, हळू. अंगठा सोडू नका."

अंगठा घसरत होता. घोडा केसाकेसाने पुढे आला, टोपीच्या अलीकडे, त्याच्या सुरक्षेच्या खाचेत अडकला. टोपी निघाली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं आणि त्याच वेळी डॉक्टर वाकून माझ्या तोंडाकडे निघाले. "बघू जरा, आत काय अडकलंय." डोकावणं हा त्यांचा धंदाच. वस्तादांनी त्यांची कॉलर धरून मागे ओढलं.

मग त्यांनीच नळीत पाणी ओतून दारू भिजू दिली, गजाला स्क्रू लावला आणि बाजूला उभं राहून एक गोळी उपसली.

"बघ, एकच!" थोरले ओरडले.

"आणखी एकदा घाला," बाई वस्तादांना म्हणाली.

स्क्रू पुन्हा शिशात रुतला. दुसरी गोळी बाहेर आली, तेव्हा बाईने ती उचलून पहिलीशेजारी ठेवली. थोरले दगडावर बसले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला आतून धुतलं. कढत पाणी बायकोने ओतलं. पाणी आधी काळं आलं, मग तांबडं, आणि तांबडं येतच राहिलं. पुढे गावातल्या एका लोहाराने मला तपासलं आणि मान हलवली. या नळीतून आता बार काढायचा नाही. छिद्रात त्याने कायमचा खिळा ठोकला. थोरले दुसऱ्या बंदुकीने नेम धरतात. तिच्या गजावर खाच आहे, आणि तो गज घालून बघितल्याशिवाय ते दारूच्या डबीला हात लावत नाहीत.

मित्रांनो, मला पॉलिश नको होतं. गरम पाणी, थोडं तेल आणि भरपूर शंका, एवढंच हवं होतं. बंदूक रिकामी आहे, असं कुणी छातीठोक सांगितलं, तर त्याचा अपमान झाला तरी चालेल, गज घालून बघा. चेहऱ्यावरून आमच्या पोटातलं कळत नाही. आणि कळावं म्हणून तोंडाशी तर येऊच नका.